नोटीस लावली, पुढं काय? पडक्या भिंती, मोकळे प्लॉट आणि कोल्हापूरचे नियम: एक खुलं पत्र

प्रति,
कोल्हापूर महानगरपालिकेचे आयुक्त, सगळे विभागप्रमुख आणि शहराच्या कारभारात ज्यांचा शब्द चालतो ते सगळे

विषय: सार्वजनिक उपद्रव आणि मिळकतींची निगा ह्याबद्दलचे नियम नव्यानं करण्याबाबत

साहेब, नमस्कार.

सरळ मुद्द्यावर येतो. पडायला आलेली घरं, गवत माजलेले मोकळे प्लॉट, रात्रीत रस्त्याकडेला ओतलेली खरमाती म्हणजे पाडकामाचा राडारोडा, चाकं जमिनीत रुतलेल्या बेवारस गाड्या, ह्या सगळ्यावर आपल्याकडं कायदा नाही असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे, कायदा भरपूर आहे. महापालिका अधिनियम आहे, भाडे नियंत्रण कायदा आहे, फौजदारी कायद्यात उपद्रवाचं कलम आहे, घनकचऱ्याचे नियम आहेत. पण हे सगळे कायदे नोटीस निघेपर्यंत पळतात आणि नोटीस भिंतीला चिकटली की तिथंच बसतात. म्हणून माझं एकच मागणं आहे, नवीन नियम कराल तेव्हा नोटिशीची मुदत संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कोण येणार, काय करणार, पैसे कोण घालणार आणि ते पुढं कुणाकडनं कसे वसूल होणार, एवढं नियमातच लिहून टाका. बाकीची भाषा कशीही असू दे, हे नसेल तर नवे नियम पण जुन्यासारखेच कपाटात जाणार.

मी शिवाजी पेठेत राहतो. आमच्या बोळात एक जुना दुमजली वाडा आहे, खाली दगडी पाया, वर भेंड्याच्या म्हणजे कच्च्या विटांच्या आणि पांढऱ्या मातीच्या भिंती, सागवानी तुळया, कौलं. बोळाकडच्या भिंतीनं पोट काढलंय, आणि वरच्या खिडकीच्या कोपऱ्यात पिंपळ उगवलाय, आधी दोन पानं होती, आता त्याची मुळी माझ्या मनगटाएवढी झालीय आणि तिनं खिडकीची चौकट सरळ बाहेर ढकललीय. पाऊस सुरू झाला की त्या फटीतनं पांढरं पाणी झिरपतंय, म्हणजे भिंतीतली माती धुऊन बाहेर येतीय. खाली एक वासा टेकू म्हणून लावलाय तो पण बोळातच, त्यामुळं दोन चाकी काढताना हँडल वाकडं करून काढायला लागतंय. शाळेची पोरं रोज ह्याच भिंतीला घासून जातात. दारावर धोकादायक इमारतीचा कागद लावलेला आहे, उन्हानं त्याची अक्षरं उडाली. ज्या माणसानं तो लावला त्याला मी दोष देत नाही, त्याच्या हातात जेवढं होतं तेवढं त्यानं केलं. मालकांना मात्र त्या कागदाचं काही वाटलं नाही, कारण त्या कागदानंतर काही होत नाही हे त्यांना ठाऊक आहे.

आता कायदा काय म्हणतो ते बघू, कारण बऱ्याच लोकांना हे माहीतच नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली पडायला झालेली किंवा पडण्याचा धोका असलेली इमारत उतरवायला, दुरुस्त करायला, टेकू द्यायला आयुक्त सांगू शकतात. कलम २६५-अ सांगतं की वापरात येऊन ३० वर्षं झालेल्या इमारतीची तपासणी मालकानं किंवा भोगवटादारानं नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडनं करून घ्यायची आणि इमारत ठीक असल्याचा दाखला पालिकेला द्यायचा, नाही केलं तर २५ हजार रुपये किंवा वर्षाच्या घरफाळ्याएवढी रक्कम, ह्यातलं जे जास्त असेल तो दंड. शिवाय शासनानं धोकादायक इमारतींची वर्गवारी करून दिलीय. सी-१ म्हणजे राहूच नये अशी, लगेच रिकामी करून उतरवायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे माणसं आत असताना पण दुरुस्ती होऊ शकते. सी-३ म्हणजे किरकोळ काम. हे सगळं चांगलं आहे. पण रस्त्यावरनं जाणाऱ्या माणसाला ह्यातलं काय कळतंय? कागदावर बारीक अक्षरात कलमं असतात आणि ती भिंत आज रात्री पडणार की चार वर्षं टिकणार हे समजत नाही. माझी पहिली सूचना साधी आहे, प्रत्येक अशा इमारतीवर पत्र्याचा मोठा बोर्ड लावा, वर्ग कुठला, तपासणी कधी झाली, मुदत कधी संपते आणि संपल्यावर पालिका काय करणार, चार ओळी, ठळक मराठीत. कागद पावसात जातोय, पत्रा राहतोय.

दुरुस्ती का होत नाही ह्याच्या मुळाशी गेल्याशिवाय मात्र काही होणार नाही, आणि इथं मला जरा सविस्तर लिहायचंय. पेठेतल्या पडक्या घराचा मालक माजलेला असतो म्हणून ते पडकं असतं असं प्रत्येक वेळी नसतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४, घर चांगल्या स्थितीत ठेवायची जबाबदारी मालकाची. त्यानं नाही केलं तर भाडेकरूनं नोटीस द्यायची, १५ दिवस थांबायचं, मग स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातनं वळता करून घ्यायचा. ऐकायला छान वाटतंय. पण त्याच कलमात पुढं लिहिलंय की एका वर्षात जास्तीत जास्त वर्षाच्या भाड्याचा चौथा हिस्साच वळता करता येईल. आता ज्या खोलीचं भाडं महिना ५० रुपये आहे तिथं वर्षाचे झाले ६००, त्याचा चौथा हिस्सा १५०. दीडशे रुपयात गवंडी एक तास पण उभा राहत नाही. मालक म्हणतो सहाशे रुपयासाठी मी लाखाची तुळई का बदलू, आणि भाडेकरू म्हणतो घर माझं नाही मी का घालू. दोघांचं पण आपापल्या जागी खरं आहे आणि दोघांच्या मधे भिंत पडतीय.

त्यात भीतीची अजून एक बाजू आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली स्पष्ट केलंय की इमारत पडली किंवा पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही. पण हे भाडेकरूला कोण सांगतंय? तो धरून बसलेला असतो की एकदा का बाहेर पडलो तर परत आत घेणार नाहीत, म्हणून म्हातारी माणसं तसल्या धोक्यात पण जीव मुठीत धरून राहतात. आणि काही मालक, सगळे नाही, वाटच बघत असतात की घर आपोआप पडू दे म्हणजे जागा मोकळी होईल. हे मी गल्लीत उघडउघड बोललेलं ऐकलंय. म्हणून नियमात हे पाहिजेच: घर रिकामं करून घ्यायच्या आधी कुठलं कुटुंब किती चौरस फुटात राहतंय ह्याची मोजणी पालिकेनं करायची, सही शिक्क्याचा कागद त्याच्या हातात द्यायचा आणि एक प्रत आपल्याकडं ठेवायची, मुंबईत ही पद्धत आहे, आपल्याकडं सगळ्यांना ती माहीत व्हावी अशा रीतीनं लिहा. हातात कागद पडला की निम्मी माणसं स्वतःहून बाहेर पडतील, मला खात्री आहे.

दुसरी अडचण भावकीची. आमच्या बोळातल्या वाड्याच्या मिळकतपत्रिकेवर अजून पणजोबाचं नाव आहे म्हणे, वारस पसरलेत, कोण पुण्यात, कोण इचलकरंजीत, कोण बेळगावला, एकमेकांशी बोलत नाहीत, कोर्टात वाटणीचा दावा. नोटीस कुणाला द्यायची? एकाला दिली तर तो म्हणतो माझा सहावा हिस्सा आहे मी एकटा का खर्च करू. अशा ठिकाणी नवीन नियमानं मालक शोधत बसू नये, मिळकत धरावी. म्हणजे मुदत संपली, कुणी आलं नाही, तर पालिकेनं स्वतः टेकू द्यावा, पिंपळ मुळासकट काढावा, पोट काढलेला भाग उतरवून घ्यावा, आणि आलेल्या खर्चाचा बोजा सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर चढवावा. ज्या दिवशी ते सहा जण वाटणी करतील किंवा विकतील त्या दिवशी आधी पालिकेचे पैसे व्याजासकट. मालकानं नाही केलं तर पालिकेनं करून खर्च वसूल करायचा हे तत्त्व कायद्यात आधीपासनं आहे, नवीन काही मागत नाही मी. फक्त ते वापरायला एक वेगळा निधी पाहिजे, कारण हातात पैसे नसले तर कुठला अभियंता काम काढणार? फिरता निधी ठेवा, वसूल झालेले पैसे परत त्याच निधीत. पहिल्या वर्षी थोडा असला तरी चालेल, प्रत्येक पेठेतल्या सगळ्यात वाईट चार भिंती जरी धरल्या तरी लोकांना कळेल की आता मुदत म्हणजे मुदत.

आणि ह्यात ऐपत नसलेला आणि मनात नसलेला ह्यांना एका मापानं मोजू नका. एकटी राहणारी म्हातारी, पेन्शन नाही, मुलगा नाही, तिच्या घराचं कौल घसरलं म्हणून तिला २५ हजाराची नोटीस देऊन काय होणार? तिला काम करून द्या आणि बोजा चढवा, तिच्या हयातीत वसूल करू नका. पण ज्याचे शहरात चार फ्लॅट आहेत आणि पाचवी मिळकत मुद्दाम सडवत ठेवलीय त्याला सवलत कशाला. घरफाळ्याच्या नोंदीवरनंच कळतंय कुणाच्या नावावर काय आहे, वेगळी चौकशी पण लागणार नाही.

अजून एक सांगतो, कौलं बदलणं, गिलावा करणं, फरशी बदलणं असल्या किरकोळ दुरुस्तीला बांधकाम परवानगी लागत नाही. तरी पण पेठेत लोक घाबरून हात लावत नाहीत, कारण वाळूचा ट्रॅक्टर दारात आला की कोणीतरी येऊन विचारतोय परवानगी कुठाय. एक पानाचं पत्रक काढा, परवानगी कशाला लागते आणि कशाला नाही, आणि घरफाळ्याच्या बिलाबरोबर घरोघरी द्या. हेरिटेज यादीतल्या इमारतींचं वेगळं लिहा, कारण त्यांना साधी दुरुस्ती करताना पण काळजी घ्यायला लागते. जुने वाडे उपद्रव म्हणून सरसकट पाडायची वाट ह्या नियमातनं उघडली तर त्याचं मला फार वाईट वाटेल. दुरुस्त होऊ शकणारं घर आधी दुरुस्त व्हावं, सी-२बी आणि सी-३ मधली घरं वेळेत हातात घेतली तर ती सी-१ ला जातच नाहीत.

आता मोकळ्या प्लॉटचं. माझी थोरली बहीण आपटेनगरच्या पुढं राहते, तिच्या बंगल्याच्या बाजूला एक प्लॉट कित्येक वर्षं पडून आहे. गाजर गवत कंबरेएवढं, त्यात कुणीतरी टाकलेला कमोड, थर्मोकोल, नारळाच्या करवंट्या, रंगाचे डबे, आणि मधोमध एक खड्डा ज्यात पावसाचं पाणी दसऱ्यापर्यंत राहतंय. मालक बाहेरगावी, गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलाय, दर वाढायची वाट बघतोय. मागच्या पावसाळ्यात भाच्याला डेंगी झाला, प्लेटलेट खाली आल्या, ताईनं रात्री जागून काढल्या. त्या मालकाला फोन केला तर म्हणाला प्लॉट माझा आहे, कचरा माझा नाही.

इथं एक गोष्ट नियम लिहिणाऱ्यांनी नीट बघावी. डेंगी पसरवणारा एडिस डास अंड्यातनं निघून उडायला लागेपर्यंत आपल्याकडच्या हवेत साधारण ८ ते १० दिवस लागतात. तुम्ही साचलेल्या पाण्याला १५ दिवसाची मुदत दिली तर मुदतीच्या आतच एक पिढी उडून गेली आणि दुसरी पाण्यात आली. म्हणजे मुदत पाळली तरी उपयोग शून्य. म्हणून सगळ्याला एकच मुदत लावू नका, उपद्रव ज्या वेगानं वाढतोय त्या वेगानं मुदत ठरवा. साचलेलं पाणी असेल तर ३ दिवस, लोंबकळती कौलं किंवा सुटलेला गिलावा असेल तर आजच्या आज खाली अडथळा लावून ८ दिवसात काम, गवत आणि कचरा १० दिवस, रंग उडालाय, कंपाउंड मोडलंय असलं काही असेल तर दोन महिने द्या, बिघडत नाही. आणि दर वर्षी त्याच प्लॉटला नव्यानं नोटीस काढायची भानगड बंद करा, एकदा काढलेली नोटीस पुढची तीन वर्षं लागू राहू दे, परत गवत माजलं की सरळ काम आणि सरळ बिल.

दंडाबद्दल बोलतो. जुन्या १८६० च्या दंड संहितेत सार्वजनिक उपद्रवाला २०० रुपये दंड होता. १ जुलै २०२४ पासनं भारतीय न्याय संहिता आली, तिच्या कलम २९२ मध्ये तो १००० रुपयांपर्यंत झाला. हजार रुपये हातगाडीवाल्याला दोन दिवसाची कमाई आहे आणि प्लॉटवाल्याला काहीच नाही. एकच आकडा सगळ्यांना लावला की तो गरिबालाच लागतो. शहराच्या नियमात दंड मिळकतीच्या घरफाळ्याच्या पटीत ठेवा, आणि मोकळ्या प्लॉटला दर महिन्याला वाढत जाणारा. स्वच्छ ठेवला, कंपाउंड घातलं, दोन झाडं लावली तर घरफाळ्यात थोडी सूट पण द्या, नुसती काठी दाखवून काम होत नाही.

ह्याच्यातच माझी एक मोठी काळजी आहे. उपद्रवाचे नियम कुठल्याही शहरात कडक केले की पहिला फटका भाजीवाल्या मावशीला, चप्पल शिवणाऱ्याला, गोठेवाल्याला बसतो, आणि चार मजली बेकायदा बांधकाम तसंच राहतं. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा वेगळा कायदा आहे, त्यांचा विषय तिथंच ठेवा, उपद्रवाच्या व्याख्येत त्यांना ओढू नका. गोठ्यांचं पण तसंच. गंगावेशीत रात्री म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला अख्खं गाव येतंय, पाहुणे आले की आपण कौतुकानं नेतो, मग त्याच म्हशीचं शेण गटारीत गेलं की तो उपद्रव होतो हे पण खरं आहे, शेणानं गटार तुंबते आणि पाणी घरात येतं. पण त्याला उत्तर गोठे हाकलणं नाही. शेण उचलायला ठरलेल्या वेळी गाडी, त्याचं थोडंसं शुल्क, आणि गाडी आली असताना पण जो गटारीत लोटेल त्याला दंड. आधी सोय, मग दंड, हा क्रम नियमातच लिहून ठेवा. सार्वजनिक मुतारी नसलेल्या बाजारात लघवीचा दंड लावणं मला पटत नाही, आणि बायकांची तर त्याहून वाईट अवस्था आहे.

तक्रारीचं काय? पेठेत कोण कुणाची तक्रार करणार हो. ज्याच्या भिंतीबद्दल तक्रार करायची त्याच्याच घरचे लोक आपल्या मयताला खांदा द्यायला पहिले येतात, लग्नात पंगतीला वाढतात. मी स्वतः त्या वाड्याच्या एका वारसाबरोबर एकाच तालमीत वाढलो. त्यामुळं सगळा कारभार लेखी तक्रारीवर टाकला तर कधीच तक्रार येणार नाही. आणि तक्रारीची गरज तरी काय आहे? मुकादम आणि झाडू कामगार रोज पहाटे प्रत्येक बोळात असतात, कुठली भिंत फुगली, कुठल्या प्लॉटवर रात्रीत खरमाती पडली हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. त्यांनी मोबाईलवर फोटो टाकला की ती नोंद धरा, आरोग्य निरीक्षकानं दोन दिवसात बघून शिक्कामोर्तब करायचं, शेजाऱ्याचं नाव कुठंच नको. आणि जे नागरिक स्वतः तक्रार करतील त्यांच्यासाठी ही सेवा लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली आणा, म्हणजे ठरलेल्या दिवसात उत्तर आलं नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडं अपील करता येतंय. मुदत नागरिकाला असते तशी कार्यालयाला पण असायला पाहिजे, ह्यात कुणाचा अपमान नाही.

खरमाती आणि पूर हे वेगळं काढून बघता येत नाही. जुनी घरं पाडून अपार्टमेंट होतायत, त्याचा राडारोडा रात्री डंपरमधनं कुठं जातो? जयंती नाल्याच्या कडेला, दुधाळी नाल्याच्या कडेला, सखल भागात जिथं पंचगंगेचं पाणी पसरायची जागा होती तिथं. नाल्याचं पात्र अरुंद झालं की पाणी मागं सरकतं आणि कुणाच्या तरी स्वयंपाकघरात येतं. २००५, २०१९, २०२१, तिन्ही पूर आपण बघितलेत. राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे आपल्याकडं शाळेतल्या पोराला पण पाठ आहे. पाणी चढताना सगळं गाव जागं असतं, तालमींची पोरं छातीभर पाण्यात उतरून माणसं काढतात. पण पाणी उतरल्यावर मातीच्या भिंतींचं काय होतं ते बघायला कोण नसतं. पाया आठ दिवस पाण्यात भिजलेला असतो, वरचं वजन तेवढंच, ऊन पडलं की वाळताना भेगा जातात आणि मग एखादी भिंत रात्री बसते. म्हणून दोन गोष्टी. पाणी ३९ फुटाच्या खाली गेलं की ८ दिवसात शुक्रवार पेठ, उत्तरेश्वर पेठ, शाहूपुरी कुंभार गल्ली, सुतारवाडा ह्या भागातल्या जुन्या भिंतींची तपासणी झालीच पाहिजे, असं कलम घाला. आणि धोकादायक इमारतींचा दर वर्षीचा सर्व्हे पावसाच्या तोंडावर मे महिन्यात करण्यापेक्षा दिवाळी झाली की सुरू करा, मार्चपर्यंत नोटिसा आणि मुदती संपवा, म्हणजे एप्रिल-मे हे कोरडे महिने कामाला मिळतील. जूनमध्ये भिजलेली भिंत कुठलाही गवंडी उतरवायला धजत नाही.

खरमातीसाठी पाडकामाची परवानगी देतानाच अनामत घ्या, आणि ठरलेल्या जागी माल टाकल्याची वजनपावती दाखवल्याशिवाय ती परत देऊ नका. ज्याचं एका खोलीचं काम आहे त्याच्यासाठी प्रत्येक विभागीय कार्यालयाच्या हद्दीत एक छोटी जागा ठेवा जिथं छोटा टेम्पो मोकळा करता येईल, नाहीतर तो जवळच्या कोंडाळ्यातच, म्हणजे कचऱ्याच्या कुंडीतच ओतणार, दुसरं करणार काय. बेवारस गाड्यांचं सोपं आहे, बोर्ड लावा, १५ दिवस थांबा, उचला. जाहिरातीच्या आणि वाढदिवसाच्या डिजिटल बोर्डाचं पण तसंच, तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी उतरलं पाहिजे आणि ते कुणाचं आहे हे बघायचं नाही. आवाजाचं आणि मोकाट कुत्र्यांचं मी इथं लिहीत नाही, ते विषय मोठे आहेत आणि त्यांचे कायदे वेगळे आहेत.

शेवटचा मुद्दा, आणि मला तो सगळ्यात जवळचा वाटतो. हे नियम पालिकेच्या स्वतःच्या मिळकतींना पण लागू पाहिजेत, तेच बोर्ड, तेच वर्ग, त्याच मुदती. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा अर्धं गाव रस्त्यावर उभं होतं, मी पण होतो, माणसं मोठ्यानं रडत होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं ते थिएटर, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती, आणि बाजूला खासबागेचं मैदान. त्या रात्रीचं कारण आणि जबाबदारी हा तपासाचा विषय आहे, मी त्यात जात नाही. पण त्या दिवसापासनं मला वाटतंय की पालिकेच्या ताब्यातल्या प्रत्येक शाळेची, दवाखान्याची, मार्केटची, सभागृहाची स्ट्रक्चरल आणि विजेची तपासणी कधी झाली, अहवालात काय आलं, कुठलं काम बाकी आहे, हे त्या इमारतीच्या दारातच लिहिलेलं असावं. लोकांना घर दुरुस्त करा म्हणून सांगायचा नैतिक अधिकार तिथनं येतो. निधी नाही असं कुणी म्हणेल तर १९८० सालचा रतलामचा निकाल आठवावा, गटारी आणि घाणीनं वैतागलेल्या लोकांनी तिथल्या नगरपालिकेविरुद्ध दाद मागितली होती आणि सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पैसे नाहीत ही सबब सार्वजनिक आरोग्याच्या मूळ कामासाठी चालणार नाही.

मसुदा काढाल तेव्हा तो सोप्या मराठीत काढा, इंग्रजीचं मराठी केलेलं असं काही नको, वाचून कळलं पाहिजे. हरकती आणि सूचना नुसत्या कार्यालयात अकरा ते पाचच्या वेळेत मागवू नका, कारण ज्यांच्या डोक्यावर ही कौलं आहेत ती माणसं त्या वेळेत उद्यमनगरात नाहीतर गुजरीत कामावर असतात. प्रत्येक पेठेत एक संध्याकाळ ठेवा, सातनंतर, तालमीत किंवा शाळेच्या हॉलमध्ये, सोबत एक अभियंता, एक आरोग्य निरीक्षक आणि घरफाळा विभागातला एक माणूस पाठवा. मालक पण येतील, भाडेकरू पण येतील. आमच्या भागातल्या बैठकीसाठी सतरंज्या, खुर्च्या आणि चहाची व्यवस्था आम्ही गल्लीतले लोक करतो, तारीख फक्त आठ दिवस आधी कळवा, म्हणजे बाहेरगावच्या वारसांना पण बोलावून घेता येईल.

आपला,
शिवाजी पेठेतला एक रहिवासी